नेटवर्कवरून लिनक्स: इन्स्टॉलरला जोडायचे शुद्धिपत्र



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे पिस्कॅटवे-एडिसन भागातल्या आपल्या कितीतरी घरांच्या बेसमेंटमध्ये चांगले चालणारे लॅपटॉप अडगळीत पडले आहेत. त्यांवर लिनक्स टाकले की मराठी शाळेतल्या मुलांना टंकलेखनासाठी आणि गोष्टी वाचण्यासाठी ते आणखी काही वर्षे सहज पुरतील. एक-दोन यंत्रे असतील तर यूएसबी काडी पुरे. वीस यंत्रे एका शनिवारी उरकायची असतील, तर मात्र नेटवर्कवरून इन्स्टॉल करणेच सोयीचे. त्यात हमखास येणारी एक अडचण आणि तिचा उपाय इथे सांगत आहोत.

आधी क्रम समजून घेऊ. यंत्र सुरू झाले की नेटवर्क कार्डातला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला पीएक्सई म्हणतात. इंटेलने त्याची २.१ ही आवृत्ती १९९९ साली प्रसिद्ध केली. तो डीएचसीपीकडून पत्ता घेतो आणि टीएफटीपीने आधी बूट-लोडर उतरवतो. बूट-लोडर मग दोन फाइली आणतो: लिनक्सचा कर्नल आणि 'इनिट-आरडी' हा गठ्ठा. इन्स्टॉलर राहतो तो या गठ्ठ्यात. तो मेमरीत उलगडतो आणि तिथूनच चालतो. हार्ड डिस्कला अजून हातही लागलेला नसतो.

आता गंमत पाहा. कर्नल सुरू झाला की नेटवर्क कार्ड तो आपल्या ताब्यात घेतो. काही कार्डांना चालू होण्यासाठी कंपनीची फर्मवेअर नावाची वेगळी फाइल लागते. ती गठ्ठ्यात नसेल, तर ज्या कार्डावरून इन्स्टॉलर आत्ता आला तेच कार्ड इन्स्टॉलरला दिसेनासे होते. फाइल नेटवर्कवरून आणावी, तर नेटवर्कच त्या फाइलवाचून अडलेले. आधी कोंबडी की आधी अंडे! डेबियनने २०११ च्या 'स्क्वीझ' आवृत्तीत अशा मालकी हक्काच्या फाइली कर्नलमधून बाहेर काढल्या, तेव्हा अनेकांची हीच पंचाईत झाली. २०२३ च्या 'बुकवर्म'पासून त्या अधिकृत सीडी-यूएसबी प्रतिमांमध्ये परत आल्या, पण नेटवर्कवरून चालवायच्या छोट्या संचात त्या येत नाहीत.

पुष्कळजण इथे मूळ गठ्ठा सोडवून, त्यात फाइल कोंबून, पुन्हा बांधायला बसतात. आमच्या मते ही विनाकारण मेहनत आहे. नवी आवृत्ती आली की सगळे पुन्हा करा!

छापील पुस्तकात चूक सापडली तर प्रकाशक सगळे पुस्तक पुन्हा छापत नाही, शुद्धिपत्र चिकटवतो. इथेही तेच करता येते. लिनक्सच्या २.६ मालिकेपासून, म्हणजे २००३ च्या अखेरीपासून, कर्नल एकामागून एक जोडलेले अनेक गठ्ठे स्वीकारतो. तो ते क्रमाने एकाच जागी उलगडतो. दोन्हींत एकाच नावाची फाइल असेल, तर नंतरची आधीचीवर बसते. म्हणून आपण फक्त हवी ती फाइल 'लिब' फोल्डरातल्या 'फर्मवेअर' फोल्डरात ठेवायची, त्याचा सीपीआयओ पद्धतीचा छोटा गठ्ठा बांधायचा, आणि 'कॅट' आज्ञेने मूळ गठ्ठ्याच्या शेपटीला जोडायचा. कोणती फाइल हवी हे डेबियनचा इन्स्टॉलर चौथ्या पडद्यावर, म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-एफ४ दाबल्यावर दिसणाऱ्या नोंदींत, नावानिशी सांगतो.

एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. काही इन्स्टॉलरांत 'लिब' हा खरा फोल्डर नसून 'यूएसआर'मधल्या 'लिब'कडे बोट दाखवणारा दुवा असतो. तुमच्या गठ्ठ्यात 'लिब' खरा फोल्डर असेल, तर कर्नल तो दुवा पुसून तिथे तुमचा जवळजवळ रिकामा फोल्डर मांडतो, आणि इन्स्टॉलर सुरूच होत नाही. आधी मूळ गठ्ठ्यात डोकावून खात्री करा. दुवा असेल तर आपली फाइल 'यूएसआर'खालच्या वाटेने ठेवा.

याच शुद्धिपत्रात 'प्रीसीड' नावाची उत्तरपत्रिकाही घालता येते. भाषा, कीबोर्ड, न्यूयॉर्कची वेळ ही उत्तरे त्यात लिहून ठेवली की इन्स्टॉलर ते प्रश्न विचारत नाही. डिस्क पुसण्याचे उत्तर मात्र आम्ही त्यात कधीच लिहीत नाही. तिथे माणसानेच 'हो' म्हणावे. कुणाच्या तरी आजी-आजोबांचे फोटो अजून त्या डिस्कवर असू शकतात.

फेडोराचा 'अ‍ॅनाकोंडा' इन्स्टॉलर ही सोय उघडपणेच देतो. 'अपडेट्स' नावाची प्रतिमा सर्व्हरवर ठेवून बूटच्या ओळीत तिचा पत्ता दिला, की तिच्यातल्या फाइली इन्स्टॉलरच्या फाइलींवर बसतात. इन्स्टॉलरच्या मराठीत एखादा शब्द खटकला, तर दुरुस्त भाषांतराची फाइल अशीच बसवून पडद्यावर तपासता येते. डेबियनमध्ये मराठी हवी असेल तर 'जीटीके' हा चित्रमय संच घ्या. साध्या अक्षरी पडद्यावर देवनागरी उमटत नाही.

वीस यंत्रांपैकी दोघांनाच वेगळी फाइल हवी असेल तर? प्रत्येक नेटवर्क कार्डाला बारा आकडी-अक्षरी मॅक पत्ता असतो. पीएक्सई-लिनक्स 'डिफॉल्ट' फाइलकडे वळण्याआधी त्या पत्त्याच्या नावाची फाइल शोधतो. नावाआधी फक्त '०१-' लावायचे. या पत्त्यांचे सुरुवातीचे तुकडे कंपन्यांना कोण वाटून देते, ठाऊक आहे? आयईईई. आणि त्या संस्थेचे कामकाज चालते आपल्याच पिस्कॅटवेत, होज लेनवर!

शेवटी धोक्याचे. टीएफटीपीला पासवर्ड नसतो. सिक्युअर बूट सहसा बूट-लोडर आणि कर्नलची सही तपासते, 'इनिट-आरडी'ची नाही. म्हणूनच आपले शुद्धिपत्र चालते, आणि म्हणूनच दुसऱ्या कुणाचेही चालू शकते. तेव्हा हे काम स्वतंत्र स्विचवर करा. शाळेच्या, वाचनालयाच्या किंवा भाड्याच्या हॉलच्या नेटवर्कमध्ये आपला डीएचसीपी सर्व्हर कधीही जोडू नका; तिथल्या यंत्रांना तो भलतेच पत्ते वाटत बसेल. आणि यंत्र मुलांच्या हाती देण्यापूर्वी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कवरून बूट होणे बंद करा.