पहिला कॅमेरा घेताना

मुलाला पहिली नोकरी लागली, अथवा घरातील वडीलधारे सेवानिवृत्त झाले, की आपल्या कुटुंबांत प्रवासाचे बेत शिजू लागतात आणि त्यांबरोबर एखादा चांगला कॅमेरा घेण्याची इच्छाही बळावते. खिशातल्या मोबाइलने छायाचित्रे निघतातच, मग हा निराळा खर्च कशासाठी, असा प्रश्न घरातूनच येतो, आणि तो रास्त आहे. उन्हात उभ्या असलेल्या मंडळींचे चित्र मोबाइल उत्तम टिपतो. परंतु उंच शिखरावरील शिल्प, काळोख्या लेण्यातील मूर्ती किंवा नदीपलीकडे बसलेला पक्षी यांच्यापुढे त्याचे इवलेसे भिंग बहुधा तोकडे पडते. अशा गोष्टींची ज्याला मनापासून ओढ आहे, त्यानेच डीएसएलआर कॅमेऱ्याचा विचार करावा. इतरांनी तो पैसा प्रवासावर खर्च केलेला बरा.

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आतील आरशावर पडून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा क्षणभर वर उचलला जातो आणि चित्र मागील सेन्सरवर उमटते. आता हा आरसाच काढून टाकलेले मिररलेस कॅमेरे पुढे गेले आहेत. निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये त्यांच्यासाठी लेन्स बसविण्याची नवी बैठक आणली, आणि तेव्हापासून त्यांचे लक्ष मुख्यतः तिकडे वळले. मग जुन्या पद्धतीचा कॅमेरा घ्यावा कशाला? कारण साधे आहे. निकॉनचा डी ३५०० किंवा कॅननचा १५०० डी हे २०१८ सालचे कॅमेरे आजही २४ मेगापिक्सेलचे स्वच्छ चित्र देतात, आणि वापरलेल्या स्थितीत ते नव्या मिररलेस कॅमेऱ्याच्या मानाने पुष्कळ कमी किमतीत मिळतात. शिकणाऱ्यास याहून अधिक लागत नाही.

दुकानात मात्र ग्राहकाचे लक्ष कॅमेऱ्याच्या आकड्यांकडे वेधले जाते. लेन्सविषयी बोलणे होते ते अखेरीस, तेही पैसे संपल्यावर. वास्तविक क्रम उलटा हवा. कॅमेरा काही वर्षांत जुना होतो. चांगली लेन्स दीर्घकाळ सोबत करते. कॅननची ईएफ बैठक १९८७ पासूनची आहे, आणि त्या काळातील कॅननची लेन्स आजही तिच्या डीएसएलआरवर चालते. निकॉनची एफ बैठक तर १९५९ ची. तेथे मात्र एक खोच आहे. डी ३५०० सारख्या प्राथमिक कॅमेऱ्यांत फोकस साधणारी मोटर नसते. ती लेन्समध्येच असावी लागते. म्हणून निकॉनची जुनी लेन्स स्वस्तात मिळाली, तरी तिच्यावर 'एएफ-एस' ही अक्षरे आहेत ना, हे पाहूनच घ्यावी.

लेन्सवरील मिलिमीटरचा आकडा म्हणजे तिचे नाभीय अंतर. तो जितका लहान, तितका अधिक विस्तार चित्रात मावतो; जितका मोठा, तितकी दूरची वस्तू जवळ येते. कॅमेऱ्यासोबत बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स मिळते. तिला कमी लेखू नये. मांडूच्या जहाज महालाचा लांबलचक विस्तार १८ वर मावतो आणि माणसाचा चेहरा ५५ वर नेटका येतो. प्रवासातील बहुतेक कामे ती एकटी निभावते.

दुसरी लेन्स घ्यायची झाल्यास ती ३५ किंवा ५० मिलिमीटरची, एफ १.८ लिहिलेली घ्यावी. एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे. साधी लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ ५.६ पर्यंतच उघडते. तिच्या मानाने एफ १.८ ची लेन्स सुमारे दहापट प्रकाश आत घेते. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. तेथे ही छोटी, हलकी लेन्स उपयोगी पडते. अरुंद जागेत ५० पेक्षा ३५ ची सोयीची.

तिसरी, म्हणजे ५५ ते २५० किंवा ७० ते ३०० मिलिमीटरची लेन्स खजुराहोच्या शिखरांवरील शिल्पांसाठी आणि पक्ष्यांसाठी उत्तम. पण घाई नको. प्रत्येक छायाचित्रासोबत कॅमेरा नाभीय अंतराची नोंद ठेवतो. पहिल्या प्रवासानंतर त्या नोंदी पाहाव्यात. बहुतेक चित्रे ५५ वर घेतलेली असतील, तर दूरच्या लेन्सची गरज खरी आहे. १८ वरच असतील, तर ती लेन्स कपाटातच राहील.

वापरलेली लेन्स घेताना ती विजेरीसमोर धरून आरपार पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर बुरशी लागली आहे असे समजून व्यवहार सोडून द्यावा. पावसाळ्यात आपलीही लेन्स चामड्याच्या पेटीत कोंडून न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

आपल्या इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस असलेल्या लाला दीनदयाळ यांनी मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे घेतली, आणि सर लेपेल ग्रिफिन यांच्या ग्रंथातून ती १८८६ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना 'राजा' हा किताब दिला. काचेच्या प्लेटा आणि अवजड पेटी घेऊन फिरणाऱ्या त्या गृहस्थास प्रत्येक चित्राआधी विचार करणे भागच होते. आपली साधने हलकी झाली आहेत. विचार करण्याची ती सवय मात्र आपणच लावून घ्यायची आहे.

म्हणून सुचवावेसे वाटते, ते इतकेच. प्रवासाच्या आदल्या दिवशी कॅमेरा घेऊ नये. निदान महिनाभर आधी घ्यावा, आणि एकच लेन्स लावून राजवाड्यासमोर, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, सकाळी आणि दिवेलागणीला फिरून यावे. आपल्या गावातील प्रकाश ज्यास ओळखता आला, त्यास परगावचा प्रकाश परका वाटत नाही.