निवृत्तीनंतरच्या ११ खाटा

सरकारी नोकरीत ५८ हा आकडा आला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण, पेढे आणि मग फंडाच्या कागदांसाठी हेलपाटे. मदुराईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले नेत्रविभागप्रमुख डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी १९७६ साली या आकड्याला पोचले. वीस वर्षं विभाग सांभाळून झाला होता, गावोगाव नेत्रशिबिरं घेऊन झाली होती, १९७३ साली पद्मश्रीही मिळाली होती. आता त्यांनी आराम केला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी मदुराईतल्याच एका घरात ११ खाटा टाकल्या. सहा फुकट रुग्णांच्या, पाच पैसे देणाऱ्यांच्या. दवाखान्याला नाव दिलं श्री अरविंदांचं. ऐन उमेदीची वर्षं सयाजीरावांच्या बडोद्यात नोकरी करून पुढे पाँडिचेरीला गेले, तेच हे अरविंद; डॉक्टरांची त्यांच्यावर श्रद्धा.

हा माणूस नेत्रतज्ज्ञ झाला तोही नाइलाजाने. १९१८ सालचा जन्म, शेतकऱ्याचं घर, गावच्या शाळेत पाटी-पेन्सिल नाही म्हणून नदीकाठची वाळू पसरून त्यावर बोटाने अक्षरं गिरवायची. नात्यातल्या बायका बाळंतपणात दगावलेल्या पाहिल्या होत्या, म्हणून प्रसूतितज्ज्ञ व्हायचं मनात होतं. मद्रासच्या स्टॅन्ली कॉलेजातून डॉक्टर होऊन ते सैन्यात गेले आणि तिथे संधिवाताने गाठलं. साधासुधा नव्हे, बोटं कायमची वाकडी करून गेला. बाळंतपणं करणं त्या हातांना शक्य नव्हतं. मग त्यांनी डोळ्यांचा अभ्यास धरला.

इथे जरा थांबायला हवं. मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे मिलिमीटरचा हिशेब. बुबुळाच्या कडेला चिरा द्यायचा आणि डाळीच्या दाण्याएवढं गढूळ झालेलं भिंग अलगद बाहेर काढायचं. हात किंचित हलला तरी डोळा गेला. ज्यांना साधं पेन धरणं जड होतं, त्यांनी आपल्या बोटांना पेलतील अशी हत्यारं तयार करून घेतली आणि पकड बसेपर्यंत सराव केला. त्या बोटांनी आयुष्यात लाखाच्या वर शस्त्रक्रिया केल्या. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

त्या काळचं ऑपरेशन आठवतं ते आजीमुळे. मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबायचं, मग शाळेच्या वर्गात भरलेल्या शिबिरात चटईवर निजायचं, डोळ्यावर हिरवं फडकं. भिंग काढून टाकलं की त्या जागी काहीच नसायचं. म्हणून बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. आजी त्यातून बघायची तेव्हा तिचे डोळे केवढाले दिसत! तिला मात्र पायरी कुठे संपते ते कळायचं नाही. चष्मा फुटला की पुन्हा अंधार. यावर उपाय होता, डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवायचा. लंडनमध्ये हॅरल्ड रिडले यांनी तो १९४९ सालीच करून दाखवला होता. पण पुढे बाजारात आलेल्या भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरात. फुकट खाटेवरच्या रुग्णाला ते कुठून बसवणार? तेव्हा अरविंदने १९९२ साली ऑरोलॅब नावाचा स्वतःचा कारखाना काढला आणि भिंग दहा डॉलरच्या आसपास आणून ठेवलं. पुढे ते आणखी उतरलं.

अरविंदबद्दल लिहिताना सगळे मॅकडोनाल्डचा दाखला देतात, आणि खुद्द डॉक्टरही देत. जगात कुठेही गेलं तरी बर्गर तसाच मिळतो, मग ऑपरेशन का नाही, असा त्यांचा सवाल. मला मात्र त्यांचं थिएटर म्हटलं की लग्नातली पंगत आठवते. एका सर्जनसमोर दोन टेबलं. एकावर काम चालू असताना शेजारच्यावर पुढचा रुग्ण डोळा धुऊन, भूल देऊन तयार. पहिला उरकला की सर्जन सूक्ष्मदर्शक तिकडे वळवतो. वाढप्याने पानं मांडायची नसतात, फक्त वाढायचं असतं. पानं मांडणाऱ्या इथे आसपासच्या खेड्यांतल्या मुली. शाळा संपवून येतात, दोन वर्षं शिकतात आणि तपासणीपासून थिएटरपर्यंतची बहुतेक कामं सांभाळतात. म्हणून इथला सर्जन वर्षाला दोन हजारांच्या आसपास ऑपरेशनं करतो. संस्थेचं सगळं कौतुक डॉक्टरांच्या वाट्याला जातं. माझ्या मते निम्मं तरी या मुलींचं आहे.

पैसे कुठून आले? सुरुवातीला घर गहाण पडलं, घरच्यांचे दागिनेही. पुढे पैसे देणाऱ्या रुग्णांच्या फीमधूनच मजले चढत गेले. फुकट उपचारासाठी उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. कुठल्या दारातून आत यायचं ते रुग्णाने ठरवायचं. पण फुकट म्हटलं की माणसं धावत येतील, हा समज इथेही खोटा ठरला. ऑपरेशन फुकट, पण एसटीचं भाडं? सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज? जेवण? हे कळल्यावर बस पाठवणं आणि पोटाची सोय करणं हाही उपचाराचाच भाग झाला.

संस्थेत नातेवाईक भरले की आपल्याकडे कपाळाला आठी पडते. इथे बहीण डॉ. नाचियार, त्यांचे यजमान डॉ. नंपेरुमलसामी, बांधकामं बघणारे भाऊ श्रीनिवासन असं अख्खं घरच कामाला लागलेलं. फरक एवढाच, की त्यांनी इथे यायचं म्हणजे कमी पैशांत जास्त राबायचं. डॉक्टरांनी खुर्ची सोडली तेव्हा ती नंपेरुमलसामींकडे गेली, त्यांच्यानंतर डॉ. रवींद्रन यांच्याकडे. आपली पद्धत शिकवायला अरविंदने प्रशिक्षणसंस्थाही काढली. तिथे दुसऱ्या नेत्ररुग्णालयांची माणसं येतात आणि हिशेबाच्या वह्यांसकट सगळं बघून जातात.

डॉक्टर २००६ साली गेले. ११ खाटांपासून उभ्या राहिलेल्या या पसाऱ्यातून त्यांनी पगार म्हणून कधी काही घेतलं नाही. राहणं भावंडांच्या घरी, आणि खर्चाला सरकारी नोकरीचं पेन्शन.