दृष्टिहीन विद्यार्थी आणि त्याच्या गतीचे शिक्षण



आजचा विषय शिक्षकांच्या संमेलनात अधिक शोभला असता, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. परंतु ज्या मुलांविषयी मी बोलणार आहे ती आपल्याच आळीत राहतात आणि आपल्याच शाळांत येतात. त्यांच्या हाती कोणते साधन द्यावे याचा निर्णय पालक, संस्थाचालक आणि देणगीदार या नात्याने आपणच करीत असतो. म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडणे मला योग्य वाटले.

‘विशेष गरजा असलेले विद्यार्थी’ हा शब्दप्रयोग फार व्यापक आहे. कोणाला ऐकू येत नाही, कोणाला अक्षरांची ओळख पटत नाही, कोणाला हात हलविणे कठीण जाते. या सर्वांचा परामर्श एका तासात घेणे शक्य नाही. मी एकच उदाहरण घेतो, दृष्टिहीन मुलाच्या वाचन-लेखनाचे. त्यातून निघणारा मुद्दा इतरांनाही बऱ्याच अंशी लागू पडेल.

प्रथम थोडा इतिहास पाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हॅलेन्टिन आऊई या गृहस्थांनी पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. तेथील पुस्तकांत आपलीच रोमन अक्षरे मोठी करून कागदावर उठविलेली असत. हेतू अत्यंत उदात्त होता. पण ही अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली होती. बोटाला त्यांची वळणे चटकन उमगत नसत, आणि त्या पद्धतीने मुलाला स्वतः लिहिणे तर जवळजवळ अशक्यच होते.

याच शाळेत १८१९ साली लुई ब्रेल नावाचा दहा वर्षांचा मुलगा दाखल झाला. वडिलांच्या खोगिरे बनविण्याच्या कारखान्यात झालेल्या अपघाताने त्याची दृष्टी लहानपणीच गेली होती. चार्ल्स बार्बिए यांनी बारा टिंबांची एक लिपी शोधून काढली होती, ती या मुलाच्या हाती आली. पण बारा टिंबे एका बोटाखाली मावत नाहीत. ब्रेलने ती सहावर आणली. दोन उभ्या ओळी आणि प्रत्येकीत तीन जागा, एवढ्यातून त्रेसष्ट निरनिराळ्या खुणा तयार होतात आणि प्रत्येक खूण बोटाच्या पेराखाली एका स्पर्शात कळते. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने ही लिपी सिद्ध केली. फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ साली, म्हणजे ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

इतका उशीर का लागला? एक मोठे कारण असे, की डोळस शिक्षकांना ही टिंबे परकी वाटत होती. साधन कोणाच्या सोयीचे असावे, शिकविणाऱ्याच्या की शिकणाऱ्याच्या, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला आणि आजही तो तसाच उभा आहे. नव्या यंत्रांची पारख करताना हीच कसोटी आपण हाती ठेवू.

आपल्या देशात पूर्वी अनेक ब्रेल लिप्या चालत होत्या. १९५१ साली भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही एकच पद्धत ठरली आणि मराठीही तिच्यातच लिहिली जाते. पाटी आणि स्टायलस ही तिची जुनी साधने आहेत. पाटीत जाड कागद अडकवायचा आणि बोथट टोकाच्या लेखणीने एकेक टिंब टोचायचे. टिंब उठते ते कागदाच्या पाठीमागे, म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे, अक्षर उलटे करून, आणि वाचायचे कागद पालटून. त्यातच ‘ह’ आणि ‘ज’, तसेच ‘इ’ आणि ‘ए’, या जोड्या ब्रेलमध्ये एकमेकींची आरशातली प्रतिबिंबे आहेत. नवशिक्या मुलाचा गोंधळ होतो तो बुद्धी कमी म्हणून नव्हे, हे एवढ्यावरून ध्यानात येईल.

चूक झाली हे त्याला कळते केव्हा? कागद काढून, पालटून, चाचपून पाहिल्यावर, किंवा गुरुजी त्याच्यापर्यंत पोहोचल्यावर. वर्गात ब्रेल जाणणारा शिक्षकच नसेल तर चूक कित्येक दिवस तशीच राहते आणि पक्की होते.

येथे यंत्राचा उपयोग स्पष्ट होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ साली आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. तेथे दोन दोष त्यांच्या नजरेत भरले. सर्व मुलांना एकाच गतीने जावे लागत होते, आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नव्हते. त्यावरून त्यांनी शिकविणारे यंत्र बनविले. ते पेटीवजा साधन केव्हाच मागे पडले. पण त्यामागचे तत्त्व आजच्या संगणकात टिकून आहे.

आता ब्रेल शिकविणारी यंत्रे निघाली आहेत आणि ती भारतातही तयार होतात. मुलाने अक्षर दाबले की यंत्र त्याचा उच्चार करते. ‘ज’च्या जागी ‘ह’ आला तर तेथल्या तेथे सांगते. कोणते अक्षर किती वेळा चुकले याची नोंद ठेवते आणि पुढचा धडा त्यावरून ठरविते. एखाद्याला एकच जोडी चाळीस वेळा गिरवावी लागली तरी यंत्र कंटाळत नाही आणि शेजारचा मुलगा हसत नाही.

शिवाय ‘दृष्टिहीन’ हा शब्द एक असला तरी मुले एकसारखी नसतात. समजा, एका वर्गात अशी तीन मुले आहेत. पहिला जन्मापासून अंध आहे. त्याने ब्रेलनेच श्रीगणेशा करावा. दुसऱ्या मुलीची दृष्टी दहाव्या वर्षी गेली. तिला देवनागरी व शुद्धलेखन येते, पण तिच्या बोटांना सवय नाही. तिसऱ्याला अंधुक दिसते. त्याला ब्रेलपेक्षा मोठे ठसे आणि काळ्यावर पिवळी अक्षरे अधिक उपयोगी पडतील. तिघांना एकच टॅब्लेट वाटून छायाचित्र काढले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे समजणे चुकीचे होय.

दुसरे मोठे साधन म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे सॉफ्टवेअर. ‘एनव्हीडीए’ हे असेच एक. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांचे हे काम. करन यांनी त्याला २००६ साली आरंभ केला. ते विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. त्यामुळे अंध विद्यार्थी वर्तमानपत्र, पत्रव्यवहार, परीक्षेचे अर्ज हे सारे स्वतः हाताळू शकतो. हा लाभ लहान नाही.

मग कोणी विचारील, यंत्र बोलत असेल तर ब्रेलची दगदग कशाला? आपल्या वादाचा खरा मुद्दा हाच आहे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. बोलताना आपण दोन्ही सारखेच उच्चारतो. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला यातला ऱ्हस्व-दीर्घ भेद कळणार कोठून? ब्रेलमध्ये ऱ्हस्व इकाराची टिंबे दुसरी व चौथी, दीर्घाची तिसरी व पाचवी. बोट फिरले की फरक लागतो. यंत्राला एकेक अक्षर सुटे वाचायला सांगता येते हे खरे, पण तसे सबंध पुस्तक कोणी वाचीत नाही. ऐकणे हे ज्ञानाचे साधन आहे, पण ते साक्षरतेची जागा घेऊ शकत नाही. डोळस मुलाला कोणी म्हणत नाही, की तुला रेडिओ आहे, आता बाराखडी कशाला!

यावर तोडगाही निघाला आहे. संगणकाला जोडायची ब्रेल पट्टी मिळते. तिच्यातील बारीक खिळे विजेच्या दाबाने वाकणाऱ्या पट्ट्यांमुळे वर-खाली होतात आणि पडद्यावरची ओळ बोटाखाली उमटते. पण ही पट्टी अद्याप महाग आहे आणि आवाज फुकट आहे. म्हणून शाळा आवाजावर समाधान मानण्याचा धोका आहे. मुलाच्या गरजेऐवजी किमतीने साधन ठरविले, तर आऊईंच्या काळातील चूक आपण नव्या रूपात करू.

यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तपासते. मूल आज गप्प का आहे हे त्याला कळत नाही. चुकांची नोंद वाचून उद्या काय करायचे हे ठरविणारा शिक्षक हवाच. तसा शिक्षक नसेल तर यंत्र कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात.

कायदा आपल्या बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके व योग्य साधने विनामूल्य देण्याची तरतूद केली आहे. २०१२ साली लेखाधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती झाली. त्यामुळे अशा वाचकांसाठी पुस्तकाचे ब्रेल किंवा ध्वनिरूप करण्यातील मोठी अडचण दूर झाली. उणीव आहे ती मराठी पुस्तके त्या रूपात आणणाऱ्या हातांची.

तेव्हा श्रोतेहो, माझी विनंती साधी आहे. शाळेला यंत्र भेट देण्यापूर्वी ते कोणत्या मुलासाठी आहे हे विचारा. दिल्यावर वर्षाने जाऊन ते कोण वापरतो हे पाहा. आणि ज्यांना टंकलेखन येते त्यांनी आठवड्यातून दोन तास एखाद्या मराठी पुस्तकाची पाने, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून, संगणकावर उतरवून द्यावीत. त्या पानांची ब्रेल प्रत यंत्र काढील.