लाखाच्या पुढची गाडी

रांजणगावच्या फियाट कारखान्यात तयार होणारं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन आणि मारुतीनं परवान्यावर बनवलेलं त्याचं भावंड एके काळी स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंतो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांच्या बॉनेटखाली असायचं. २०२० मध्ये बीएस-६ मानकं आली आणि मारुतीनं ते बंद केलं. आज रस्त्यावर दिसणाऱ्या या गाड्यांपैकी बऱ्याच दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि त्यांचा ओडोमीटर लाखाचा आकडा ओलांडून गेला आहे.

अशी गाडी गॅरेजात नेली की दोन सल्ले मिळतात. एक मिस्त्री म्हणतो, ‘चालतीय ना साहेब? मग कशाला हात लावता?’ दुसरा म्हणतो, ‘लाख झाले, आता सगळं एकदा करूनच घ्या.’ दोघंही अनुभवी आणि दोघंही अर्धे बरोबर. या वादाचा निकाल विमानवाल्यांनी केव्हाच लावून ठेवला आहे, आपल्या गॅरेजपर्यंत तो पोचलेला नाही एवढंच.

विमानाच्या प्रत्येक भागाचं एक ठरावीक आयुष्य असतं आणि ते संपण्याआधी तो उतरवून दुरुस्त केला की विमान सुरक्षित, अशी पूर्वीची समजूत होती. डीसी-८ या विमानाच्या देखभालीच्या आराखड्यात असे ३३९ भाग होते. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला आणि बिघाडांच्या नोंदींवरून ही समजूत मोडीत काढली. वयाबरोबर बिघाडाची शक्यता वाढत जाते असे भाग होते फक्त ११ टक्के. उलट ६८ टक्के भागांत ही शक्यता सर्वांत जास्त होती ती नवा भाग बसवल्यावर लगेच. नंतर ती उतरायची आणि तशीच सपाट राहायची. म्हणजे धडधाकट भाग केवळ वेळ झाली म्हणून बदलला, तर सुरक्षितता वाढण्याऐवजी नवा धोका बसवला जाण्याची शक्यता जास्त. याच विचारानं आखलेल्या डीसी-१० च्या आराखड्यात वेळ भरली म्हणून उतरवायचे भाग उरले अवघे ७.

कार म्हणजे विमान नव्हे, हे खरं. कारमध्ये रबर, घासणारे पृष्ठभाग आणि जुने होणारे द्रव यांचं प्रमाण मोठं, आणि हेच भाग वयानं खरोखर झिजतात. पण विचार करायची रीत जशीच्या तशी उचलता येते. प्रत्येक भागाबाबत आधी हे पाहायचं की, तो जाण्यापूर्वी काही सांगून जातो का. आणि मग हे की, जाताना सोबत काय घेऊन जातो.

इंजिनातली टायमिंगची व्यवस्था घ्या. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी झाली पाहिजे. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि त्याच चपळाईनं पिस्टनच्या वाटेतून बाजूला होतो. हा ताल काही इंजिनांत रबरी बेल्ट सांभाळतो, काहींत लोखंडी चेन. रबराच्या आत काचतंतूंच्या दोऱ्या असलेला हा बेल्ट उष्णतेनं कडक होतो, दोऱ्या आतून थकतात, आणि वरून पाहिलं तर तो ठणठणीत दिसू शकतो. मग एक दिवस तुटतो. बहुतेक आधुनिक इंजिनांत त्या क्षणी पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन खोलावं लागतं. न सांगता जाणारा आणि जाताना घर बुडवणारा भाग तो हाच. इथे ‘चालतीय ना’ हा युक्तिवाद चालत नाही. मालकाच्या पुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल तेव्हा बेल्ट बदलायचाच. सोबत टेन्शनर, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. कारण तिथवर पोचायची मजुरी एकदाच द्यायची असते.

आपल्या १२४८ सीसीच्या इंजिनात मात्र चेन आहे. चेन ‘ताणली गेली’ असं मेकॅनिक म्हणतात, पण प्रत्यक्षात तिच्या कड्यांमधल्या पिना झिजतात आणि एकूण लांबी वाढते. ही झीज बहुधा ऐकू येते. सकाळी गाडी सुरू करताना क्षणभर खडखड होते, पुढे ती लांबत जाते. ही चेन ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो, म्हणून चेनचं आयुष्य बरंचसं ऑइलच्या हातात असतं. लाख झाले म्हणून चांगली चेन काढू नये. ऑइल वेळेवर बदलावं आणि कान उघडे ठेवावेत. (डिझेल गाडीचं ऑइल आठवडाभरात काळं झालं म्हणून घाबरू नका. काजळी तरंगत ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे.)

सर्वांत दुर्लक्षित भाग माझ्या मते ब्रेक ऑइल. त्याची पातळी सगळे बघतात, वय कुणी विचारत नाही. हे द्रव हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवेत पाण्याला काय तोटा! डॉट-४ प्रकारच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट-३ असेल तर १४० पर्यंत. आता माणसांसह १३०० किलो भरणारी गाडी घाटात ५०० मीटर खाली उतरली असं धरा. तेवढ्यात सुटणारी ऊर्जा सुमारे ६४ लाख जूल, म्हणजे २० लिटर गार पाणी उकळायला पुरेल इतकी. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर तिचा मोठा वाटा इंजिन झेलतं. न्यूट्रलमध्ये उतरलात तर जवळजवळ सगळी ब्रेकवर येते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल मऊ पडतं आणि तळाला जातं. कुठलाही आवाज नाही, आधी इशारा नाही. दर दोन वर्षांनी ते बदलणं हा या साऱ्या यादीतला सर्वांत स्वस्त विमा आहे.

कूलंटची गोष्टही रसायनाचीच. त्यातली गंजरोधक द्रव्यं हळूहळू खर्ची पडतात. मग त्यात बोअरचं पाणी ओतलं की क्षार बसतात, रेडिएटर तुंबतो, गाडी गरम होते आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. ऊर्ध्वपातित पाणी आणि योग्य कूलंट, बास.

आणखी एक पेच म्हणजे ओडोमीटर. विमानाचं वय उड्डाणाच्या तासांत मोजतात, गाडीचं आपण किलोमीटरमध्ये. सोलापूरच्या हायवेवर सरासरी ५० च्या वेगानं लाख किलोमीटर झालेलं इंजिन २००० तास चाललेलं असतं. हिंजवडीच्या गर्दीत सरासरी २० नं तेवढंच अंतर कापलेलं इंजिन ५००० तास. काटा दोघांचा सारखा, झीज नाही. टायरला, होज पाइपांना आणि बुशांना तर उभ्या गाडीतही वय चढतं. टायरच्या कडेवरच्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक होऊन चिरा पडल्या असतील तर तो टायर गेला.

उरलेल्या बऱ्याच गोष्टी सांगून जातात. क्लच घसरतो, ब्रेक पॅड किंचाळतात, चाकाचं बेअरिंग घोंगावतं, लिंक रॉड खड्ड्यात खटखटतो. त्यांना लक्षणं दिसेपर्यंत राहू द्या आणि लक्षण दिसल्यावर मात्र रेंगाळू नका. पैसे वाचवायचे ते इथे, बेल्टवर नव्हे.

गाडी दुसऱ्याकडून घेतलेली असेल तर जुन्या मालकाच्या तोंडी हिशेबावर विसंबू नका. बिल नसेल, तर काम झालेलंच नाही असं धरा आणि ब्रेक ऑइल, कूलंट, आणि असेल तर बेल्ट इथून सुरुवात करा. पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीला एकच विचारा: ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? तारीख कुणालाच सांगता आली नाही, तर घाट उतरायच्या आधी ते बदलून घ्या.