सरकी झटकणारी सुरी आणि क्रँकचा हादरा

दिवाळी झाली की जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगांच्या आवारात कापसाच्या गाड्या लागतात. आत डबल रोलर जीनच्या रांगा. रुईचे तंतू रोलरला चिकटून ओढले जातात आणि हलती सुरी मिनिटाला हजाराच्या आसपास हेलकावे घेत सरकी झटकून पाडते. या सुरीला हलवतो तो क्रँक. मोटर नुसती गोल फिरते. ते फिरणं पुढं-मागं करताना सुरीचं वजन दर हेलकाव्याला दोनदा थांबवून उलट वळवावं लागतं. तळपायाखालची फरशी थरथरते ती त्यामुळे.

१९८३ साली बांभोरीला खासगी आणि १९९६ साली जळगावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. अशा महाविद्यालयांतल्या यंत्र अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत हाच हादरा टेबलावर मोजता येतो. छोटी मोटर, क्रँक, कनेक्टिंग रॉड, सरकणारा पिस्टन आणि चौकटीला चुंबकाने चिकटवलेला आगपेटीपेक्षाही लहान कंपनमापक.

एक किलोचा पिस्टन आणि दहा सेंटिमीटरचा स्ट्रोक धरा. मिनिटाला ६०० फेऱ्यांना चौकटीला बसणारा मूळ धक्का साधारण वीस किलो वजनाइतका असतो. फेऱ्या १२०० केल्या की तो चाळीस नव्हे, ऐंशी किलोंवर जातो. वेग दुप्पट, हादरा चौपट.

मापकाला जोडलेल्या पडद्यावर, वारंवारतेच्या आलेखात मात्र एकाऐवजी दोन शिखरं दिसतात. ६०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला दहा. पहिलं शिखर तिथंच. मग वीसवरचं दुसरं कशाचं? ते तिरक्या रॉडचं. रॉड क्रँकच्या चौपट लांब असेल, तर वरच्या टोकाला पिस्टनला वळवायला लागणारा जोर आणि खालच्या टोकाचा जोर यांचं प्रमाण ५:३ येतं. क्रँक हाताने सावकाश फिरवला तरी हे दिसतं: वरून पाव फेरी होते तेव्हा पिस्टनने निम्म्याहून जास्त वाट कापलेली असते. फळ्यावरच्या सूत्रापेक्षा हे पाहणं कितीतरी लवकर पटतं.

क्रँकवर उलट बाजूला वजन लावलं की काम भागेल, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. पण पिस्टनइतकं पुरं वजन लावलं की उभा हादरा कमी होऊन तेवढाच आडवा येतो. म्हणून एका सिलिंडरच्या इंजिनात बहुधा निम्म्याच्या आसपास वजन तोललं जातं. बाकीच्यासाठी वेगळा बॅलन्सर लागतो. बुलेटच्या जुन्या ३४६ सीसी इंजिनात तो नव्हता. २०२० साली मीटिअर या मोटरसायकलबरोबर आलेल्या ३४९ सीसी इंजिनात तो बसवला. दुप्पट वेगाच्या हादऱ्यावर, विशेषतः चार सिलिंडरच्या इंजिनासाठी, इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन दांडे वापरले.

मोटरचा वेग हळूहळू वाढवत नेला की एका ठिकाणी टेबल एकदम थडथडतं आणि पुढे पुन्हा शांत होतं. टेबलाची स्वतःची लय तिथं क्रँकच्या लयीला मिळते. फाउंडेशन बोल्ट ढिला झाला की ही लय खाली सरकते, आणि कालपर्यंत बरी चाललेली मशिन त्याच वेगाला थडथडू लागते. मुलांनी हा मापक घेऊन हंगामात जिनिंगमध्ये जायलाच हवं. मिनिटाला हजार हेलकावे म्हणजे सेकंदाला साधारण सतरा. पहिलं शिखर तिथंच शोधायचं, आणि मग एकेका बोल्टला पाना लावून ते किती खाली बसतं ते पाहायचं.