भाच्याचा गेमपॅड

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी दोन याद्या होतात. एक फराळाची, ती सौभाग्यवती करते आणि तीत मला मत नसते. दुसरी देण्याघेण्याची, ती मी करतो आणि तीत मला मत असते असा माझा समज आहे. गेल्या वर्षी ह्या दुसऱ्या यादीत बहिणीच्या नावापुढे साडी आणि भाच्याच्या नावापुढे शर्ट असे लिहून मी मोकळा झालो होतो. पण भाचेराव आता पंधरा वर्षांचे. त्यांनी आईमार्फत निरोप धाडला, "मामाला सांग, शर्ट नको. गेमपॅड हवा. थरथरणारा."

'थरथरणारा' ह्या शब्दाला मी मनसोक्त हसलो. मग बहिणीने त्यामागचे कारण सांगितले आणि हसणे तिथेच थांबले.

भाच्याला जन्मापासून ऐकू कमी येते. दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत. समोरच्याचे बोलणे त्यांतून बरेचसे कळते, पण बारीक, उंच पट्टीतले आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. संध्याकाळी अभ्यास झाल्यावर तो आणि त्याचे तीन-चार मित्र आपापल्या घरी बसून, इंटरनेटवरून मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ खेळतात. खेळाचे नाव 'फोर्झा होरायझन ५'. तो २०२१ साली निघाला आणि त्यातले रस्ते मेक्सिकोतले. वळणावर वेग जास्त झाला की टायर किंचाळतात. गाडी आता हातची जाणार, ही ती सूचना. मित्र ती ऐकतात आणि वेग आवरतात. भाच्याला कळते तेव्हा गाडी निवडुंगात शिरलेली असते! हेडफोन चढवावा, तर श्रवणयंत्रावर झाकण पडल्यासारखे होऊन ते शिट्टी घालू लागते. मित्र वाईट नाहीत. पण गडी वाटून घेताना ह्याचा नंबर शेवटचा लागतो आणि तो का लागतो हे त्याला ठाऊक आहे. "गेमपॅड असला की टायर सुटल्याचं हाताला कळतं," असे वर्गातल्या कुणीतरी त्याला सांगितले होते.

ज्या वाचकांच्या घरात हे खेळणे अजून शिरलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेमपॅड म्हणजे दोन्ही हातांत धरायची, दोन मुठी असलेली प्लॅस्टिकची वस्तू. अंगठ्यांखाली दोन छोट्या दांड्या, त्यांना स्टिक म्हणतात. तर्जनींखाली दोन घोडे, त्यांना ट्रिगर म्हणतात. आणि बाकी बटणे. कॉम्प्युटरच्या कळफलकावर कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते. म्हणजे मोटार एकतर भरधाव, नाहीतर थांबलेली. ट्रिगर मात्र अर्धा, पाव, जरासा असा दाबता येतो. शर्यतीच्या खेळात गेमपॅड हवा तो मुळात एवढ्यासाठी. थरथर ही त्याच्या पुढची गोष्ट.

तर मी ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. रस्त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग झाल्याला किती वर्षे लोटली, पण कॉम्प्युटरचे सामान घ्यायला जाणारा माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो. एका दुकानात मी विचारले, "थरथरणारा गेमपॅड आहे का?" दुकानदाराने मान न वर करता "डबल व्हायब्रेशन, आठशे रुपये" म्हणून एक खोके पुढे केले. खोक्यावर गेमपॅडच्या दोन्ही बाजूंना विजेच्या रेघा काढल्या होत्या. मी खूष! आठशेत काम झाले म्हणून येताना बहिणीला चिरोटेही घेतले.

घरी जोडला तर गेमपॅड चालला, पण थरथरेना. भाच्याने मधले बटण पाच-सहा सेकंद दाबून धरले, दिव्याचा रंग बदलला आणि मग एकदम दोन्ही मुठी घोंघावू लागल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. अर्ध्या तासाने भाचा म्हणाला, "मामा, हा सगळ्याला एकच बोलतो." मातीवर गेले तरी घर्रर्र, भिंतीवर आपटले तरी घर्रर्र, टायर सुटला तरी तेच घर्रर्र. कान बारीक आवाज ऐकत नव्हते म्हणून हे आणायचे, आणि ह्यालाही बारीक बोलता येत नव्हते.

मला राहवले नाही. दुसऱ्या दिवशी स्क्रू काढून मी तो गेमपॅड उघडला. (असा उद्योग करू नये, वॉरंटी जाते. पण आठशे रुपयांच्या वस्तूची वॉरंटी ती काय!) आत दोन मुठींत दोन चिमुकल्या मोटारी. प्रत्येकीच्या दांड्यावर धातूचे वजन एका बाजूला कललेले. मोटर फिरली की हे वाकडे वजन तिला हिसके देते आणि त्या हिसक्यांनी सारी वस्तू थरथरते. चांगल्या गेमपॅडमध्ये डाव्या मुठीतले वजन मोठे असते. ते सावकाश, जड थरथर देते: धक्का, आपट, खडबडीत रस्ता. उजव्या मुठीतले वजन लहान. ते जलद, बारीक झणझण देते. एक तबल्यातला डग्गा आणि एक चाट म्हणा ना. माझ्या आठशेवाल्यात दोन्ही वजने मापून घेतल्यासारखी सारखी होती. 'डबल' हा शब्द खोटा नव्हता. दोन डग्गे होते!

आणि ते मधले बटण? त्याचे कोडे असे की विंडोजला गेमपॅडशी बोलायच्या दोन बोल्या आहेत. जुनी डायरेक्टइनपुट आणि नवी एक्सइनपुट. ही दुसरी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० ह्या २००५ सालच्या यंत्राच्या काळातली. जुन्या बोलीत थरथर हवी तर गेमपॅडच्या कारखान्याने स्वतःचा वेगळा ड्रायव्हर द्यावा लागतो, आणि आपण तो बसवावा लागतो. नव्या बोलीत खेळ थेट सांगतो, डावी मोटर इतकी, उजवी इतकी. आणि हे 'इतकी' शून्यापासून ६५,५३५ पर्यंत कितीही असू शकते. आजचे बहुतेक खेळ हीच बोली बोलतात. तेव्हा खोक्यावर 'एक्सइनपुट' हा शब्द शोधावा, आणि मग मोटारी त्या आकड्यांना जुमानतात का हे हाताने पाहावे. नुसत्या नावावर जाऊ नये. लॉजिटेकचे एफ ३१० आणि एफ ७१० हे दोन गेमपॅड दिसायला सख्खे भाऊ, पाठीवर दोघांनाही बोली बदलायची खटकी. पण तारेचा एफ ३१० थरथरत नाही, बिनतारी एफ ७१० थरथरतो. सुभानराव समजून तुकाराव आणल्यासारखे व्हायचे.

ह्या थरथरीचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. १९७६ साली सेगा कंपनीने नाणे टाकून खेळायचे मोटरसायकलचे यंत्र काढले. त्यात टक्कर झाली की हँडल थरथरे. घरगुती खेळात ही कला रुजली ती १९९७ साली. निन्टेंडोने आपल्या ६४ ह्या यंत्रासाठी 'रंबल पॅक' नावाची डबी काढली. ती गेमपॅडला मागून खोचायची, आणि तिला स्वतःच्या दोन बॅटऱ्या लागत. त्याच वर्षी सोनीने दोन मोटारी मुठींतच बसवून 'ड्युअलशॉक' आणला. आजचे सगळे त्याचेच वंशज. मग पेटंटवरून भांडण जुंपले. इमर्शन नावाच्या अमेरिकन कंपनीने २००२ साली मायक्रोसॉफ्ट आणि सोनी दोघांनाही कोर्टात खेचले. मायक्रोसॉफ्टने पुढल्याच वर्षी तडजोड केली. सोनी लढली आणि २००४ साली हरली. २००६ साली तिचे प्लेस्टेशन ३ आले ते मुक्या गेमपॅडसह. तो हलवला की खेळात हालचाल उमटे. मोटारींची थरथर त्या मोजणीत अडथळा आणते म्हणून काढली, असे कंपनीने सांगितले. २००७ च्या मार्चमध्ये कोर्टातला वाद मिटला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस थरथर आणि मोजणी दोन्ही असलेला ड्युअलशॉक ३ बाजारात आला. अडथळा कुठल्या खात्यातला होता हे वाचकांनी समजून घ्यावे.

आता मी शहाणा झालो होतो. दुसऱ्या फेरीला भाच्यालाच बरोबर घेतले, आणि पिशवीत त्याच्या शेजाऱ्याचा लॅपटॉप. ह्या वेळचा दुकानदार सज्जन निघाला. "लावून बघा," म्हणाला. समोर तीन वस्तू आल्या.

पहिला सोनीचा ड्युअलसेन्स, २०२० सालचा. ह्यात फिरणारी वाकडी वजने नाहीत. ध्वनिवर्धकात असते तशी आत-बाहेर हलणारी गुंडाळी आहे. त्यामुळे पावसाचे थेंब वेगळे, वाळू वेगळी असे तो हाताला सांगू शकतो. 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' ह्या २०२२ च्या खेळात तर पात्राचे बोलणे ह्या गेमपॅडमधून थरथरीच्या रूपाने हातात उतरवायची सोय केली आहे. वाक्य कुठे चढले, कुठे पडले, हे ऐकू न येणाऱ्याला कळावे म्हणून! (खेळ मोठ्यांचा आहे. भाच्याला अजून वर्ज्य.) पण कॉम्प्युटरवर ही सारी करामत निवडक खेळांत, आणि तीही बहुधा तार लावली तरच. किंमतही तशीच.

दुसरा एका चिनी कंपनीचा, तीन हजारांच्या आसपास. ह्याचा गुण स्टिकमध्ये. साध्या स्टिकखाली घासणारा पट्टा असतो. तो वर्षा-दोन वर्षांत झिजू लागतो आणि मग कुणी हात न लावताही मोटार आपली डावीकडे चालू लागते. ह्या चिनी गेमपॅडमध्ये घासण्याऐवजी लोहचुंबक होता. त्याला हॉल इफेक्ट म्हणतात. कल्पना नवी नव्हे, सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये ती १९९८ सालीच होती. मला तो फार आवडला. सर्वसाधारण मुलासाठी मी तोच घेतला असता, आणि ओळखीत कुणी विचारले तर आजही तोच सांगतो.

तिसरा मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्सचा. स्टिक झिजणाऱ्याच. पण ह्यात मोटारी चार आहेत: दोन मुठींत, आणि २०१३ पासून दोन ट्रिगरांत. ज्या खेळांनी ही सोय वापरली आहे त्यांत ब्रेक दाबताना चाक अडकले की डाव्या तर्जनीखाली टकटक होते, आणि जास्त दाबून टायर सुटले की उजव्या तर्जनीखाली. फोर्झा त्यांपैकीच. जिथे चूक झाली त्याच बोटाला कळते.

मी भाच्याला म्हटले, "डोळे मीट आणि चालव." त्याने मिटले. दुकानातली दोन पोरे बघायला जमली. गाडी सरळ निघाली, रस्ता सोडून खाली उतरली. "आता माती." बरोबर. थोड्या वेळाने, "आता ब्रेक अडला." बरोबर. मग त्याने डोळे न उघडताच ट्रिगर जरासा सैल केला, पुन्हा दाबला, पुन्हा सैल केला, आणि मला म्हणाला, "मामा, हे बघ, किती दाबायचं ते तेच सांगतं." चिनी गेमपॅडनेही मातीचे बरोबर सांगितले होते, ब्रेकचे त्याला सांगता आले नव्हते. पाच-सहा हजारांचा आकडा ऐकून मी एकदा आवंढा गिळला आणि पैसे मोजले. स्टिक झिजेल तेव्हा झिजेल.

बिनतारी वापरायचा तर ह्याला दोन पेन्सिल सेल लागतात आणि मोटारी ते भराभर खातात. आम्ही तार घेतली. तारेवर सेल नसले तरी चालतो.

एक गोष्ट मात्र बहिणीने मुद्दाम विचारली, आणि तिचे बरोबर होते. "दादा, एवढी थरथर हाताला चांगली का रे?" २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाची हकिकत आली होती. तो दिवसाला सात-सात तासांपर्यंत थरथरणाऱ्या गेमपॅडवर खेळे. थंडीत त्याचे हात पांढरे पडत आणि सुजत, ऊब मिळाली की लाल होऊन दुखत. रस्ते फोडायची यंत्रे चालवणाऱ्या कामगारांना होते त्या जातीचे हे दुखणे. आमच्याकडे संध्याकाळचा एक तास ठरला आहे, तेव्हा बहिणीची समजूत पटली. शिवाय खेळाच्या सेटिंगमध्ये थरथर कमी-जास्त करता येते. भाच्याने मात्र ती पूर्ण ठेवली आहे.

त्याच खेळात त्याला आणखी एक गोष्ट सापडली. कथेचे प्रसंग चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात खुणांच्या भाषेचा दुभाषा उभा करता येतो. २०२२ सालापासून ही सोय आहे, अमेरिकन आणि ब्रिटिश खुणांची. "आपल्या नाहीत," म्हणून तो थोडा हिरमुसला, आणि तरी दहा मिनिटे बघत बसला.

भाऊबीजेला गेलो तेव्हा ओवाळून झाल्यावर बहिणीने तक्रार केली. पोरगा रात्री खेळताना कोपरे आणि गेमपॅड दोन्ही जेवणाच्या लाकडी टेबलावर टेकवून बसतो. मोटार मातीत गेली की सारे टेबल घुमते, फळीवरच्या वाट्या किणकिणतात, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींनी दोनदा विचारले की पिठाची गिरणी घेतलीत का. ह्यातले काहीच त्याला ऐकू येत नाही. मी टेबलाकडे पाहिले. गेमपॅडखाली माझ्या गेल्या वर्षीच्या शर्टाची चौपदरी घडी घातलेली होती.