आगोराविना टांका
बाडमेर-जैसलमेरच्या वाळवंटी पट्ट्यातला टांका म्हणजे जमिनीत खोदलेला, आतून चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा दिलेला आणि वरून झाकलेला गोल हौद. फोटोत दिसतो तो हौदच. पाणी मात्र गोळा करतो आगोर, म्हणजे भोवतालची उतार देऊन चोपून घट्ट केलेली जमीन. रोजगार हमीतून बाडमेरात असे टांके मोठ्या संख्येने झाले. मोजणी झाली ती हौदांची, आणि माझ्या मते चूक तिथेच आहे. साधा हिशेब पाहा. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. जोधपूरच्या ‘काझरी’ संस्थेचा सुधारित टांका २१,००० लिटरचा आहे. पिण्या-रांधण्याला माणशी १० लिटर धरले, तर सहा जणांच्या घराला तो जवळजवळ वर्षभर पुरतो. आगोर २०० चौरस मीटर, पाऊस २०० मिलिमीटर आणि निम्मे पाणी जिरले, तरी २०,००० लिटर मिळतात. पण आगोरावर झुडपे माजली, शेळ्यांच्या खुरांनी माती भुसभुशीत झाली आणि पाव हिस्साच आत आला, तर सप्टेंबरअखेर साठलेले पाणी होळीलाच संपते. हौद दुप्पट मोठा बांधला तरी यात फरक पडत नाही.

दुष्काळात पाऊसच नसेल तर टांका काय कामाचा, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. त्या वर्षी टँकर लागतोच. पण तेव्हाही ते पाणी साठवायला झाकलेला हौद दारात असतो, आणि बऱ्याच ठिकाणी भूजल खारे असल्याने विंधनविहिरीचा पर्यायही नसतो. कालव्याचे, नळाचे पाणी आले की टांके मोडीत निघतील, हाही तर्क ऐकू येतो. विखुरलेल्या ढाण्यांपर्यंत, म्हणजे छोट्या वस्त्यांपर्यंत, नळ पोचेल, पण तो रोज वाहील याची हमी कोण देणार? खरा धोका वेगळाच आहे: टांका नुसती टँकरची टाकी होऊन बसणे. आपल्याकडे प्लॅस्टिक अंथरलेली कित्येक शेततळी पावसाऐवजी विहिरी उपसून भरली जातात, ती याच जातीची गोष्ट (आणि ती उघडी असल्याने वाफेचे नुकसान वेगळेच).

देखभाल अवघड नाही, वेळेवर व्हावी लागते. पावसाआधी झुडपे काढायची, खळगे भरून जमीन पुन्हा चोपायची, पाणी आत येते त्या तोंडाची जाळी आणि गाळाचा खड्डा साफ करायचा. हौदातला गाळ उपसायचा, पण हौद फार काळ कोरडा ठेवायचा नाही. गिलाव्याला तडे जातात. खासगी टांक्याच्या डागडुजीला सरकारी पैसा का, असे कोणी म्हणेल. बांधायला दिलाच आहे की! मग दर ज्येष्ठात आगोराच्या चार दिवसांची मजुरी त्याच रोजगार हमीत का बसू नये?